जसे घडले तसे : नळदुर्गाचा किल्ला आणि लग्नाचे छायाचित्र

मराठवाड्यातील जुन्या पेढीवर, गल्ल्यामागील भिंतीवर, एक कृष्णधवल छायाचित्र हमखास आढळते. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर टोपी-उपरण्यातील वडीलधारी मंडळी, त्यांच्या पायांशी सतरंजीवर बसविलेली मुले, मध्यभागी वधूवर आणि मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या स्त्रिया. कोणीही हसत नाही. सर्वांची नजर समोरच्या काळ्या पेटीवर खिळलेली. त्या काळी रोलमध्ये बाराच चित्रे निघत, प्रत्येक चित्राला पैसे पडत आणि छायाचित्रकार परगावाहून बोलवावा लागे. बारा चित्रांत लग्न बसवायचे म्हटल्यावर हौसेला वाव कोठला? म्हणून एक सर्व कुटुंबाचे, एक वधूवरांचे, एक व्याह्यांचे, असा जमाखर्च आधीच ठरलेला असे. तरीही आज त्या चित्रातला प्रत्येक चेहरा घरातील थोरल्या आत्याबाई नावानिशी ओळखून दाखवितात.

आता एकेका लग्नात हजारोंच्या संख्येने चित्रे निघतात. एक चमू पारंपरिक छायाचित्रांचा, दुसरा कँडिडचा, तिसरा चलच्चित्राचा; वर ड्रोन, बाजूला रील काढणारा वेगळा मुलगा. एवढे होऊनही लग्नानंतर सहा महिन्यांनी आजीने विचारावे, की माझा आणि नातीचा एकत्र फोटो कोठे आहे, आणि तो सापडू नये, असा अनुभव पुष्कळ घरांतून ऐकू येतो. कारण सोपे आहे. त्या दिवशी वधूवरांना दोन तास बाजूला नेऊन उभे-बसते करण्यात कॅमेरा गुंतला होता. आजी तेवढा वेळ मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसून होत्या.

या ओढाताणीवर उतारा म्हणून छायाचित्रकारांच्याच धंद्यात एक वेगळी रीत रुजली आहे. तिला माहितीपट शैलीचे, अर्थात डॉक्युमेंटरी पद्धतीचे विवाह-छायाचित्रण म्हणतात. तिचे सूत्र एवढेच, की छायाचित्रकाराने काही घडवून आणायचे नाही. ‘इकडे पाहा’ म्हणायचे नाही, ‘माळ पुन्हा एकदा घाला’ म्हणायचे नाही, कोणाला हलवायचे नाही. जे घडते ते पाहायचे आणि नेमक्या क्षणी टिपायचे. ही दृष्टी मुळात वृत्तछायाचित्रकारांची. फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा तिचा अध्वर्यू. हातात लहानसा लायका कॅमेरा, फ्लॅश वर्ज्य. १९४७-४८ मध्ये तो भारतात होता. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटून गेला आणि पुढे त्यांच्या अंत्ययात्रेची त्याने घेतलेली चित्रे जगभर पोहोचली. १९५२ साली त्याचे जे पुस्तक निघाले, त्याच्या इंग्रजी नावातील ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना छायाचित्रणाच्या व्यवसायात परवलीची झाली. पुढे १९८० व ९० च्या दशकांत अमेरिकेत काही छायाचित्रकारांनी हीच रीत लग्नमंडपात आणली आणि तेथून ती आपल्याकडे आली. आपल्याकडे येताना तिचे नाव ‘कँडिड’ झाले. दुर्दैवाने नावाबरोबर तिचा अर्थही थोडा पातळ झाला. वधूने खिडकीबाहेर पाहत हसावे असे सांगून घेतलेल्या चित्रालाही आता कँडिडच म्हणतात!

धाराशिव जिल्ह्यात या विषयाला एक खास रंगमंच लाभला आहे, तो नळदुर्गचा. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, तुळजापूर तालुक्यात, बोरी नदीच्या वळणात हा भुईकोट उभा आहे. काळ्या बेसाल्टची तटबंदी, शंभराहून अधिक बुरूज, त्यांत उंच उपळ्या बुरूज आणि पाकळ्यांच्या आकाराचा नवबुरूज. पलीकडे रणमंडळ हा दुसरा भाग. या दोहोंना जोडणारा बंधारा नदीवर घातला आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, हे काम झाले. पावसाळ्यात वरचे बोरी धरण भरून वाहू लागले, की बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात आणि महालातील माणूस पाण्याच्या पडद्यामागे कोरडा उभा राहतो. १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा तेथे नेमलेला अधिकारी फिलिप मेडोज टेलर या किल्ल्यातच राहत असे. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्याने या बंधाऱ्याचे व महालाचे वर्णन करून ठेवले आहे.

लग्नाशी या स्थळाचे नाते तसे जुनेच. नावामागे लोक नळराजाची आणि पर्यायाने नळ-दमयंतीची कथा सांगतात. खंडोबा आणि बाणाईचा विवाह येथे झाला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. शेजारच्या सोलापूरचा भुईकोट तर चाँदबीबीच्या विवाहात अहमदनगरच्या निजामशहाने विजापूरच्या अली आदिलशहाला आंदण म्हणून दिला. लगेच १५६५ च्या जानेवारीत दोघे तालिकोटच्या रणावर एकत्र उतरले. त्या सोयरिकीचे चित्र कोणी काढले असते, तर त्यात वधूच्या चेहऱ्यापेक्षा तहनामा अधिक ठळक दिसला असता.

२०१४ मध्ये राज्य शासनाने स्मारक संगोपन योजनेखाली हा किल्ला सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीकडे देखभालीसाठी सोपविला. झाडोरा निघाला, बागा झाल्या, तिकीट लागले, पर्यटक वाढले. पाठोपाठ कॅमेरे आले. सोलापूर, लातूर, धाराशिव आणि थेट कर्नाटकाच्या सीमेकडील ठरलेली जोडपी विवाहपूर्व चित्रीकरणासाठी येथे येऊ लागली. आणि येथेच एक मौजेची अडचण उभी राहते, जिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

नळदुर्गचे वैभव पाण्यात आहे आणि पाणी असते ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात. तो काळ चातुर्मासाचा. आषाढापासून कार्तिकापर्यंत आपल्या घरांत लग्ने होत नाहीत. लग्नसराई सुरू होते तेव्हा धार मंदावलेली असते आणि वैशाखात तर सांडवे कोरडे ठणठणीत असतात. थोडक्यात, नर-मादीचा आणि लग्नाच्या मुहूर्ताचा योग बहुधा जुळत नाही. मग दोनच मार्ग उरतात. एक तर लग्नाच्या चार महिने आधी, पाण्याच्या दिवसांत, भाड्याचे घागरे आणि शेरवान्या घालून येथे यायचे. नाहीतर वैशाखातल्या वधूमागे संगणकावर धबधबा चिकटवायचा. दोन्ही प्रकार सर्रास चालतात. पहिल्यात निदान पाणी तरी खरे असते. दुसऱ्या प्रकाराला पेढीवरच्या भाषेत एकच नाव आहे : खोटी नोंद.

डॉक्युमेंटरी रीतीचा छायाचित्रकार वैशाखात नळदुर्गला आला, तर कोरडा बंधाराच टिपील. त्या कोरड्या दगडावर पाण्याच्या जुन्या रेषा आहेत. करवल्या उन्हाला कंटाळून पाणीमहालाच्या गारव्यात बसल्या आहेत. वराचे आजोबा काठी टेकीत पायऱ्या मोजत उतरत आहेत. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला यातून कळेल, की लग्न उन्हाळ्यात झाले होते, त्या वर्षी नदी आटली होती आणि आजोबा तेव्हा आपल्या पायांनी चालत होते.

तांत्रिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. काळा बेसाल्ट प्रकाश पिऊन टाकतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक काळी भिंत पाहून फसतो, दृश्य अंधारे आहे असे समजून अधिक उजेड आत घेतो आणि पांढरा फेटा नि जरीचा काठ पार जळून जातात. जाणता छायाचित्रकार म्हणून भिंतीवर नव्हे, चेहऱ्यावर मोजमाप घेतो. पाणीमहालात उलट त्रास : आत काळोख, खिडकीतून झळझळीत उजेड. तेथे खिडकीला पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाची नुसती काळी आकृती येते. चैत्र-वैशाखात सकाळी नवानंतर किल्ल्यावरचा प्रकाश कठोर होतो आणि माणसेही घामाने हैराण होतात. सायंकाळचा सोनेरी प्रकाश सर्वांनाच हवा असतो. पण तीच वेळ आपल्या घरांत पंगती उरकण्याची.

येथे जैन लग्नाचा एक फायदा ध्यानात येतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे म्हणून अनेक कुटुंबांत विधी दिवसाच होतात. उपाध्ये सकाळीच यंत्रपूजेला बसतात, अंतरपाट भर दिवसा धरला जातो. रात्रीच्या लग्नात प्रखर दिव्यांच्या उजेडाखेरीज चित्र निघत नाही. १९८० च्या दशकात व्हिडिओवाले जो डोळे दिपविणारा हॅलोजन घेऊन फिरत, त्याच्या आठवणीने अजूनही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्या दिव्याखाली पडलेला कीटकांचा सडाही त्यांना आठवतो. दिवसाच्या विधीला यातले काही लागत नाही. मंडपाच्या बाजूने येणारा मऊ उजेड पुरतो. ज्या पद्धतीच्या छायाचित्रणात फ्लॅश वर्ज्य, तिच्यासाठी याहून सोयीचा विवाह नाही.

परंतु ही सोय घालविण्याचे काम बहुधा घरचेच लोक करतात. मुहूर्त साडेअकराचा असतो आणि दहा वाजता वधूला ‘एंट्री’च्या चित्रीकरणासाठी बाहेर नेले जाते. मामा तिला घेऊन मंडपात यायचा, त्याला दोनदा परत पाठविले जाते, कारण पहिल्या खेपेस धुराचे यंत्र सुरू झाले नव्हते. मंगलाष्टके लांबतात, पंगत लांबते, आणि चौविहार पाळणारी वृद्ध मंडळी घड्याळाकडे पाहत राहतात. त्यांतील काही सूर्य मावळला म्हणून न जेवताच परततात. ज्यांच्या आशीर्वादासाठी लग्न दिवसा ठेवले, तेच उपाशी जातात. याला छायाचित्रकार एकटा जबाबदार नाही. त्याला तसे करण्यास कोणी सांगितले, हा प्रश्न यजमानांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

२०१९ च्या अखेरीस भोपाळमध्ये जैन, गुजराती आणि सिंधी समाजांच्या संस्थांनी विवाहपूर्व चित्रीकरणावर बंदी घालण्याचे ठरविले, तेव्हा त्यावर बराच खल झाला. बंदीने प्रश्न सुटतो का, याविषयी मतभेद असणारच. तरुणांना एकमेकांचे चार निवांत क्षण हवेसे वाटणे गैर नाही. मात्र भाड्याच्या वेशात सिनेमातील प्रसंगाची नक्कल करणे आणि ती मंगल कार्यालयातील पडद्यावर वडीलधाऱ्यांसमोर दाखविणे, यात निवांतपणा राहत नाही आणि आबही राहत नाही.

आब हा शब्द आला, तेव्हा या रीतीतील अवघड भागाकडे वळले पाहिजे. जसे घडले तसे टिपायचे म्हटले, तर सर्वच टिपले जाईल. पाठवणीच्या वेळी आईने तोंडावर पदर घेतलेला असतो, तो क्षण. मानपानावरून थोरले काका रुसून खांबाआड उभे असतात, तो क्षण. वडील कोपऱ्यात कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी हिशेबावरून हुज्जत घालीत असतात, तोही. यांतील काय ठेवायचे? बँकेच्या ताळेबंदात तोटा लपविता येत नाही. पण ताळेबंद चौकात टांगलाही जात नाही. तोच न्याय येथे लावता येईल. चित्र काढले जावे, घरच्या संग्रहात राहावे. अल्बममध्ये काय यावे, हे घरातील दोन समंजस माणसांनी बसून ठरवावे. आईच्या पदराचे चित्र त्यात यावे असे वाटते. काकांचे मात्र त्यांच्या हयातीत येऊ नये. पुढे कदाचित त्यांचीच नातवंडे ते हसत पाहतील.

स्त्रियांच्या खासगीपणाचा विचार तर या कलेच्या उगमापासून झालेला आहे. नळदुर्ग ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच्या दरबाराचा छायाचित्रकार राजा दीनदयाळ हा मेरठजवळच्या सरधना येथील जैन कुटुंबातला. जन्म १८४४, शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, पहिली नोकरी इंदूरला आरेखकाची. पुढे सहाव्या निजामाने त्याला पदरी ठेवले आणि किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबई येथे त्याचे स्टुडिओ होते. १८९२ मध्ये त्याने हैदराबादला केवळ स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज महिलेच्या हाती दिला, म्हणजे पडद्यातील स्त्रियांना परपुरुषासमोर न येता चित्र काढून घेता येईल. सव्वाशे वर्षांपूर्वी जे एका व्यावसायिकाला सुचले, ते आज हळदीच्या आणि मेंदीच्या खोलीत पाच परके तरुण कॅमेरे घेऊन शिरतात तेव्हा कोणाला सुचत नाही. अलीकडे या व्यवसायात स्त्रियाही आल्या आहेत. तेवढ्या भागापुरती का होईना, त्यांची मागणी करता येते.

आता व्यवहार. किराणा, कापड, आडत अशा कोणत्याही धंद्यात असलेला माणूस एक पोते माल बिलाशिवाय घेत नाही. पण लग्नाच्या छायाचित्रणाची मोठी रक्कम मात्र तोंडी ठरते आणि पुढे सहा महिने अल्बमसाठी खेटे घालावे लागतात. नळदुर्गपुरते सांगायचे, तर तेथे देवाचासुद्धा लेखी करार आहे! खंडोबाची मूर्ती परंपरेने वर्षातील सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असते आणि मूर्ती नेताना दोन्ही गावांचे मानकरी तसा करार करतात. देवाच्या मुक्कामाला कागद लागतो, तर छायाचित्रकाराच्या कामाला का नसावा? त्यात किती जण येणार, किती वाजता येणार, प्रमुख छायाचित्रकार स्वतः येणार की मदतनीस पाठविणार, किती चित्रे आणि किती दिवसांत मिळणार, अग्रिम किती, उरलेली रक्कम कोणत्या टप्प्यावर, हे सर्व यावे. पक्के बिल मागितल्यास १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो म्हणून कच्च्यावर भागविण्याचा मोह होतो. मग काम बिघडले की ग्राहक आयोगापुढे दाखवायला हाती काहीच नसते.

एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट करार झाला नसेल, तर त्या चित्राचा प्रथम मालक काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. अर्थात लग्नाच्या चित्रांची मालकी मुळात कुटुंबाची. तथापि ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. अनेक छायाचित्रकारांच्या छापील अटींमध्ये चित्रे जाहिरातीसाठी व समाजमाध्यमांवर वापरण्याची मुभा बारीक अक्षरात लिहिलेली असते. मुलीचे चित्र अनोळखी लोकांपुढे जाऊ नये असे वाटत असेल, तर सही करण्यापूर्वी ते कलम खोडावे. प्रामाणिक व्यावसायिक त्याला हरकत घेत नाही.

ऐतिहासिक वास्तूत चित्रण करायचे तर आणखी एक कागद लागतो. नळदुर्ग हे राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याला १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम लागू आहे. तिकीट काढून मोबाइलवर चार चित्रे घेणे निराळे आणि दिवे, रुळावरचा कॅमेरा, ड्रोन घेऊन व्यावसायिक चित्रीकरण करणे निराळे. दुसऱ्यासाठी पुरातत्त्व विभागाची व व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी. ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम वेगळे लागू आहेत. ‘आमचा माणूस ओळखीचा आहे’ हे परवानगीचे उत्तर नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले हॉटेल व विवाह समारंभांसाठी भाडेपट्ट्याने दिले जाणार, अशी बातमी आली तेव्हा केवढा क्षोभ उसळला आणि शिवकालीन किल्ल्यांबाबत असे होणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या क्षोभात सामील झालेल्यांपैकी काहींनी पुढे त्याच तटावर रंगीत धुराचे नळकांडे फोडून चित्रे काढली, हेही खरे. चार शतकांच्या दगडावरचा तो डाग सहज धुतला जात नाही. कठड्यावर वधूला चढविणे तर निव्वळ अविचार. खाली बोरीचे पात्र आहे.

याच जिल्ह्यात, भूम तालुक्यातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री, आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी समाधी घेतली. त्यापूर्वी दहा दिवस, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून केलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. उपवासाने क्षीण झालेला तो आवाज आजही ऐकता येतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने त्यात काही सजविले नाही, पार्श्वसंगीत घातले नाही. जे ऐकू आले ते ठेवले. लग्न हा संसारातला प्रसंग, त्याची याच्याशी तुलना नाही. पण नवपरिणीत जोडपे कुंथलगिरीला दर्शनाला जाते तेव्हा छायाचित्रकारालाही बरोबर नेण्याची नवी चाल पडू पाहते आहे, म्हणून हे आठवले. तेथे कॅमेरा पायथ्याशी, पिशवीतच बरा.

शेवटी साठवणुकीविषयी. हजारो चित्रे एका हार्ड डिस्कवर मिळतात, ती कपाटात दागिन्यांशेजारी ठेवली जाते आणि पाचसात वर्षांनी संगणकाला जोडली की चालू होत नाही. तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी असावी; एक इंटरनेटवरील सुरक्षित साठ्यात. त्याखेरीज साऱ्या चित्रांतून तीस-चाळीस निवडून चांगल्या कागदावर छापून घ्यावीत, आणि ती निवडायला वधूच्या मैत्रिणींबरोबर आजीलाही बसवावे, कारण कोपऱ्यातला तो पाहुणा कोण, हे तिलाच माहीत असते. पेढीवरील त्या जुन्या चित्राची चौकट साफ करण्यासाठी उघडली, तर मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेली ओळ बहुधा सापडते : डावीकडून पहिले कोण, दुसरे कोण, लग्न कोणाचे, तिथी कोणती. नव्या चित्रांच्या पाठी कोऱ्या आहेत. पेन्सिल मऊ घ्यावी, म्हणजे कागदावर खूण उमटत नाही.